टेप रेकॉर्डर नव्हता, तेव्हा गोंडांची गाणी कोणी जपली? हायमेनडॉर्फ यांची गोष्ट

दिवाळीच्या दिवसांत जिवती, राजुरा, कोरपना या भागातल्या गोंड गावांत गेलात तर दंडारी बघायला मिळते. मोरपिसांचा भलामोठा मुकुट घातलेले, अंगाला राख फासलेले घुसाडी नाचत येतात. ढोल वाजतो आणि क्षणात वीस-पंचवीस मोबाईल वर होतात. व्हिडिओ निघतो, स्टेटसला लागतो आणि चोवीस तासांनी गायब. दोन वर्षांनी फोन बदलला की मूळ क्लिपही जाते.

आता दुसरी बाजू बघा. याच डोंगररांगेतल्या गोंड गावांचे फोटो लंडनच्या एका विद्यापीठात जपून ठेवलेले आहेत. त्यातले काही ऐंशी वर्षांपेक्षा जुने आहेत. ते कोणी काढले, कुठे काढले, त्यात कोणता विधी चाललाय, हे आजही कळतं. ज्या माणसाने हे काम केलं त्याच्याकडे ना क्लाउड होता, ना मेमरी कार्ड, ना साधा टेप रेकॉर्डर. आज त्याचीच गोष्ट. नाव जरा लांबलचक आहे: ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. आपण नुसतं हायमेनडॉर्फ म्हणू.

व्हिएन्ना ते नागा टेकड्या

हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ चा, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नातला. घराणं उमराव. तरुणपणी रवींद्रनाथ टागोरांचं लेखन वाचून भारताची ओढ लागली. व्हिएन्ना विद्यापीठात ते मानववंशशास्त्र शिकले. म्हणजे माणसं कशी राहतात, लग्नं कशी लावतात, देव कसे पुजतात, जमीन कशी वाटून घेतात याचा अभ्यास. डॉक्टरेटचा प्रबंध त्यांनी आसाम आणि ब्रह्मदेशाकडच्या डोंगराळ जमातींवर लिहिला. गंमत म्हणजे तोवर त्यांनी तो प्रदेश पाहिलेलाच नव्हता. सगळं पुस्तकांतून.

मग ते लंडनला गेले. तिथे ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की नावाचे मोठे अभ्यासक होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: लोकांबद्दल लिहायचं तर त्यांच्यात जाऊन राहा, त्यांची भाषा शिका. हायमेनडॉर्फ यांनी ते मनावर घेतलं. १९३६ मध्ये ते भारतात आले आणि नागा टेकड्यांतल्या कोन्याक लोकांमध्ये राहिले. वहीसोबत कॅमेराही होता. त्या मुक्कामातले फोटो आजही नागा समाजाच्या इतिहासाचं महत्त्वाचं साधन मानले जातात.

१९३८ मध्ये त्यांचं लग्न झालं. पत्नीचं नाव एलिझाबेथ, सगळे त्यांना बेट्टी म्हणत. पुढे पन्नास वर्षं जवळपास प्रत्येक दौऱ्यावर बेट्टी सोबत होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

शत्रू देशाचा पासपोर्ट

१९३९ मध्ये हे दोघं पुन्हा भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. हिटलरने ऑस्ट्रिया आधीच गिळंकृत केला होता, त्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्या हातात जर्मन पासपोर्ट. भारतात राज्य इंग्रजांचं. म्हणजे कागदोपत्री हा माणूस शत्रू! त्यांना अटक झाली. पण त्यांचं काम माहीत असलेल्या अधिकाऱ्यांनी एक मार्ग काढला: तुरुंगात सडवण्याऐवजी निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहू द्यायचं. संस्थानाची हद्द ओलांडायची मात्र बंदी.

या बंदीमुळेच ते आपल्या शेजारी येऊन पोहोचले. आधी नल्लमला टेकड्यांतल्या चेंचू लोकांचा, मग गोदावरीकाठच्या कोंडा रेड्डींचा अभ्यास केला. नंतर ते आदिलाबाद जिल्ह्यातल्या राज गोंडांकडे वळले.

इथे नकाशा जरा नीट बघा. आज आपण आदिलाबाद म्हणजे तेलंगणा आणि राजुरा म्हणजे महाराष्ट्र असं सहज म्हणतो. पण तेव्हा राजुरा तालुका हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. रेषा कागदावर सरकली. गोंडांची कुळं, सोयरिकी, देव आणि जत्रा मात्र दोन्ही बाजूंना तशाच राहिल्या. म्हणून हायमेनडॉर्फ यांनी जे नोंदवलं ते चंद्रपूरच्या गोंडांचंही आहे.

आधी जमीन, मग गाणी

ते आदिलाबादेत पोहोचले तेव्हा वातावरण तापलेलं होतं. जंगल राखीव झालं होतं, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेतांतून गोंडांना हुसकावलं जात होतं, सावकार आणि बाहेरून आलेले लोक जमिनी नावावर करून घेत होते. याविरुद्ध कोमरम भीम उभे राहिले. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर निजामाच्या पोलिसांनी गोळीबार केला, त्यात भीम आणि त्यांचे साथीदार मारले गेले. हे असं का झालं, हा प्रश्न सरकारलाही टाळता येईना. गोंडांमध्ये राहून त्यांची परिस्थिती समजून घेण्याचं काम हायमेनडॉर्फ यांच्याकडे आलं.

हायमेनडॉर्फ आणि बेट्टी यांनी मुक्काम टाकला मारलावाई नावाच्या छोट्या गोंड गावात. ते गोंडी शिकले. हळूहळू त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या माणसाला उद्या आपण याच गावात असू की नाही याची खात्री नाही, त्याच्या सणांची आणि गाण्यांची नुसती नोंद करून काय उपयोग? देवाचं ठाणं गावात असतं, गाव शेतावर उभं असतं. शेत गेलं की गाव उठतं आणि गाव उठलं की सणही उठतो.

त्यांनी सरकारकडे जमिनीच्या पट्ट्यांचा आग्रह धरला. पुढे ते निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागारही झाले आणि त्या वर्षांत हजारो आदिवासी कुटुंबांच्या नावावर जमिनीचे पट्टे झाले. केसलापूरला मेसराम कुळाची नागोबाची जत्रा भरते. त्या जत्रेत अधिकाऱ्यांनी यायचं आणि लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकायच्या, अशी दरबाराची पद्धत त्यांच्याच काळात सुरू झाली. नागोबाचा दरबार अजूनही भरतो.

गोंडीचं पुस्तक, लिपी देवनागरी

दुसरं काम शाळेचं. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. गोंड मुलाच्या कानावर घरी गोंडी आणि बाजारात मराठी किंवा तेलुगू पडायची. तो शाळेत जाऊन शिकणार काय? १९४३ मध्ये मारलावाईत गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं. गोंडी भाषेतली वाचनाची पुस्तकं तयार झाली आणि त्यांची लिपी होती देवनागरी. म्हणजे तुम्ही आत्ता ज्या अक्षरांत हा लेख वाचताय, त्याच अक्षरांत तेव्हाची गोंड मुलं पहिल्यांदा आपली भाषा वाचायला शिकली.

या कामात एक मराठी नावही आहे: सेतुमाधवराव पगडी. इतिहासकार म्हणून ते आपल्याला माहीत असतात. पण त्या काळात ते हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत होते आणि आदिलाबादच्या गोंडांमध्ये त्यांनी काम केलं. ते स्वतः गोंडी शिकले आणि त्यांनी गोंडांवर पुस्तकही लिहिलं.

चार मिनिटांची रीळ

आता तंत्रज्ञानाकडे येऊ. हायमेनडॉर्फ यांनी आयुष्यभर तीन साधनं वापरली: वही, फोटोचा कॅमेरा आणि १६ मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा.

१६ मिमी म्हणजे फिल्मच्या पट्टीची रुंदी. सिनेमाच्या ३५ मिमी कॅमेऱ्यापेक्षा हा खूप हलका, म्हणून डोंगरात नेता येई. एका फूट फिल्ममध्ये ४० चित्रं मावतात. शंभर फुटांची रीळ घेतली तर ४,००० चित्रं. मूकपटाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १६ चित्रं धरली, तर रीळ संपते साधारण चार मिनिटांत! यातले अनेक कॅमेरे घड्याळासारखी चावी देऊन चालायचे. बॅटरी नाही, पण एका चावीत अर्धा मिनिट चाललं तरी भरपूर. काढलेलं लगेच बघायची सोय नाही. रीळ धुऊन येईपर्यंत चित्र आलंय की काळोख, ते कळायचं नाही.

विचार करा, घुसाडी रात्रभर नाचतात आणि तुमच्याकडे चार मिनिटं आहेत. कुठे बटण दाबायचं? यासाठी नाच आधी समजून घ्यावा लागतो. कोण आधी येतं, देवाला काय वाहतात, कोणत्या क्षणी मुकुट उतरवतात, हे माहीत असेल तरच नेमकी चार मिनिटं पकडता येतात. महिनोन्‌महिने गावात राहण्याचा फायदा इथे होत असे.

सगळ्यात मोठी अडचण आवाजाची. १९४० च्या दशकात खांद्याला लटकवून जंगलात नेता येईल असा टेप रेकॉर्डर नव्हता. आणि गोंडांचा इतिहास तर आवाजातच आहे. तो सांभाळतात प्रधान. प्रत्येक गोंड कुळाचा आपला प्रधान असतो. सणावाराला, मृत्यूनंतरच्या विधीला तो यजमानाच्या दारी येतो, तीन तारांची किंगरी वाजवतो आणि कुळाची कथा गातो: गोंडांचे देव गुहेत कसे कोंडले गेले, पाहांदी कुपार लिंगोने त्यांना कसं सोडवलं, जंगुबाईने त्यांना कसं सांभाळलं. गंमत बघा, आदिलाबादच्या कितीतरी प्रधानांच्या घरात बोलायची भाषा मराठी आणि गायची गोंडी!

हायमेनडॉर्फ यांनी या कथा प्रधानांकडून ऐकून लिहून घेतल्या. १९४८ मध्ये आलेल्या त्यांच्या राज गोंडांवरच्या ग्रंथाचा मोठा भाग याच कथांनी आणि विधींनी भरला आहे. शब्द वाचले. पण किंगरीचा सूर, मध्येच घेतलेला श्वास, ऐकणाऱ्यांचा हुंकार कागदावर कसा उतरणार? ते तेवढं निसटलं. आज तुमच्या फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर जे सहज करतो, त्याला तेव्हा पर्यायच नव्हता.

तीस वर्षांनी परत

१९४९ मध्ये हायमेनडॉर्फ लंडनला गेले. तिथल्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत, जिला थोडक्यात सोआस म्हणतात, ते शिकवू लागले आणि १९५१ मध्ये प्राध्यापक झाले. १९५३ पासून नेपाळच्या वाऱ्या सुरू झाल्या. तेव्हा तो देश परक्यांसाठी नुकताच उघडला होता. शेर्पांवरचं त्यांचं काम जगभर गाजलं.

१९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर बहुतेक माणसं घरी बसतात. हे गृहस्थ पुन्हा आदिलाबादला आले. जुन्या गावांत फिरले आणि पाहिलेलं लिहून काढलं. १९७९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या गोंडांवर आणि १९८२ मध्ये भारतातल्या आदिवासींच्या जगण्याच्या लढाईवर त्यांची पुस्तकं आली. चित्र आनंदाचं नव्हतं. जंगल विरळ झालं होतं. रस्ते आले आणि त्यांच्यामागून जमिनीवर नजर असलेले लोकही आले. ज्यांना पट्टे मिळवून दिले होते त्यातल्या अनेकांच्या जमिनी पुन्हा हातातून गेल्या होत्या. आपलं जुनं काम कुठे फसलं, हे त्यांनी झाकलं नाही.

इथे जुन्या फोटोंची आणि फिल्मची खरी किंमत कळते. तीस वर्षांपूर्वीचं गाव कसं होतं याची नोंद हातात असल्यामुळेच काय गेलं ते दाखवता आलं. नोंद नसती तर असं काही नव्हतंच, असं म्हणायला कोणीही मोकळा.

रीळ ते सर्व्हर

हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारले. त्यांच्या वह्या, हजारो फोटो आणि शंभर तासांच्या घरात जाणारी १६ मिमी फिल्म असा ठेवा मागे राहिला. सोआसमध्ये त्याचा संग्रह आहे.

पण फिल्म कायम टिकत नाही. १६ मिमीची पट्टी बहुधा सेल्युलोज ॲसिटेटची असते. उष्णता आणि दमटपणा मिळाला की ती सडायला लागते, आंबट वास येतो, पट्टी आक्रसते आणि वेडीवाकडी होते. अशा फिल्म थंड, कोरड्या खोलीत ठेवाव्या लागतात. डिजिटल करताना आधी पट्टी साफ करतात, तुटलेले सांधे जोडतात आणि मग एकेक चित्र स्कॅन करतात.

हे काम पुढे नेलं त्यांचे विद्यार्थी ॲलन मॅकफर्लेन यांनी. १९८० च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नागा समाजाविषयीचे फोटो, डायऱ्या आणि फिल्म एका व्हिडिओडिस्कवर आणल्या. सीडीचंही नवल होतं, त्या काळातली ही गोष्ट! त्यानंतर २००० मध्ये मॅकफर्लेन आणि मार्क ट्युरिन यांनी डिजिटल हिमालय हा प्रकल्प सुरू केला. हायमेनडॉर्फ यांच्या फिल्म त्याच्या सुरुवातीच्या संग्रहांपैकी एक होत्या.

आता एक अवघड प्रश्न. हा सगळा ठेवा लंडन-केंब्रिजला का? ज्यांच्या आजोबांची चित्रं आहेत त्यांना ती बघायला इंग्रजी यादी चाळावी लागते, हे बरोबर आहे का? आणि तेव्हा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसांना आपलं चित्र कुठवर जाणार याची कितपत कल्पना होती? हायमेनडॉर्फ यांचा हेतू चांगला होता, पण ते एका राजसत्तेच्या परवानगीने आणि पैशाने काम करत होते, हेही खरं आहे. म्हणूनच आता जगभरातले संग्रह जुन्या फिल्मच्या प्रती मूळ गावांना परत देण्याकडे वळत आहेत.

तुमच्या फोनसाठी पाच गोष्टी

हायमेनडॉर्फ यांच्या कामातून आपल्याला सरळ उचलता येईल असं बरंच काही आहे.

१. आधी विचारा. प्रत्येक पूजा शूट करायची नसते. काही देव, काही विधी बाहेरच्यांना दाखवत नाहीत. गावातल्या जाणत्या माणसाने नाही म्हटलं तर फोन खिशात.

२. आवाज नीट घ्या. चित्र थोडं हललं तरी चालेल. पण किंगरी आणि गाणं पूर्ण हवं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. फोन गाणाऱ्याच्या जवळ ठेवा, वाऱ्याकडे पाठ करा.

३. माहिती सांगून ठेवा. शूटिंगच्या शेवटी कॅमेऱ्यातच बोला: आज तारीख काय, गाव आणि तालुका कोणता, सण कोणता, भाषा कोणती, कोण गातंय. गाणाऱ्याची हरकत नसेल तरच नाव घ्या. नाव-गाव नसलेली क्लिप पन्नास वर्षांनी कोणालाच ओळखू येत नाही.

४. मूळ फाईल सांभाळा. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि दर्जा जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर मूळ फाईल जाते. एक प्रत फोनमध्ये, एक पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन, अशा तीन प्रती ठेवा.

५. गावाला परत द्या. ग्रामसभेकडे, शाळेकडे, गाणाऱ्याच्या घरी एक प्रत पोहोचली पाहिजे. तुमच्या चॅनेलवर ती नंतर टाकली तरी चालते.

भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडच्या मित्रांनो, हे तुम्हालाही तितकंच लागू आहे. माडिया गोंडांचे रेला आणि गोटूलमधल्या रात्री यांची नोंद तिथल्याच मुलामुलींनी केली तर तिला भाषांतर करणारा मध्ये लागणार नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगाव ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मारलावाईत १९४३ मध्ये जे पहिलं पाऊल पडलं होतं तेच पुन्हा, पण या वेळी गावाने स्वतः टाकलेलं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९.८ लाख लोक नोंदले गेले. इतकी मोठी भाषा, तरी अजून ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.

मारलावाईची माती

बेट्टी १९८७ मध्ये हैदराबादला वारल्या. त्यांना मारलावाईत पुरलं. हायमेनडॉर्फ यांचीही इच्छा तीच होती. त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, २०१२ मध्ये, मुलाने त्यांच्या अस्थी लंडनहून मारलावाईला आणल्या आणि बेट्टींच्या शेजारी ठेवल्या. गोंडांनी आपल्या रीतीने त्यांना निरोप दिला.

त्याच मारलावाईचे कनका राजू. आयुष्यभर त्यांनी घुसाडी नाच केला आणि शेकडो पोरांना शिकवला. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले. ज्या गावातला नाच विस्मरणात जाऊ नये म्हणून एका परदेशी माणसाने धडपड केली, तो नाच खरा टिकवला तो तिथल्याच एका नाचणाऱ्याने. फिल्मने आठवण ठेवली, पावलं मात्र माणसांनीच चालू ठेवली.

येत्या दिवाळीत दंडारी तुमच्या गावात येईल तेव्हा व्हिडिओ जरूर काढा. पूर्ण काढा, नाव-गाव बोलून ठेवा. आणि कोणी हात धरून रिंगणात ओढलं, तर फोन मित्राकडे द्या आणि जा.